मांजरेच्या पाण्यावर समुद्र

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो समुद्राच्या पाण्याचा. ते आणायचं कुठून? लातूरहून रत्नागिरीचा किनारा रस्त्याने चारशे किलोमीटरच्या पलीकडे, नांदेडहून त्याहूनही लांब. पण हा प्रश्न फसवा आहे. समुद्राचं पाणी घरी बनवता येतं. त्यासाठीचं मीठ बादलीबंद मिळतं आणि कुरिअरने दारात येतं. मराठवाड्यात घोडं अडतं ते गोड्या पाण्यापाशी. ज्या लातूर शहरात १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींची ‘जलदूत’ गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, त्या शहरात दिवाणखान्यात समुद्र मांडायचा तर त्याचा हिशेब गोड्या पाण्याच्या लिटरांत करावा लागतो. हौस परवडते का हे त्या हिशेबावरून ठरतं, माशाच्या किमतीवरून नाही.

हिशेबासाठी दोन फुटी टाकी धरू: दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. अडीच घनफूट म्हणजे साधारण सत्तर लिटर. दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता साठ लिटर पाणी उरतं. याहून लहान टाकी दिसायला सोपी, चालवायला अवघड. वीस लिटरच्या टाकीत एक लिटर पाणी उडालं की खारेपणा लगेच चढतो, साठ लिटरमध्ये तो धक्का तिसऱ्या हिश्श्यावर येतो. भरलेली टाकी शंभर किलोच्या आसपास जाते. दुकानदार लोखंडी स्टँड देतो, पण खाऱ्या थेंबांनी त्याला पहिल्या वर्षातच गंज चढतो. आपल्याकडच्या घरांत कडप्प्याचा कट्टा किंवा भिंतीत बसवलेली कडप्प्याची फळी असतेच. ती सगळ्यांत चांगली जागा. फक्त ती पश्चिमेच्या भिंतीला नको आणि गच्चीखालच्या खोलीत तर नकोच. तापलेला स्लॅब रात्री दहा वाजेपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो.

आता पाणी. उघड्या समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून तीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपलं खायचं मीठ. मग खडे मीठ घालून भागणार नाही का? नाही, आणि त्याचं कारण मिठागरात आहे. उरण-भाईंदरकडे वाफ्यांत समुद्राचं पाणी उन्हात आटवतात तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधी तळाशी बसतात. त्यानंतर मीठ धरतं. मॅग्नेशियम मात्र शेवटच्या कडवट पाण्यात राहतं आणि ते पाणी टाकून दिलं जातं. म्हणजे समुद्रातून आलेलं असूनही खड्या मिठात समुद्राचे नेमके ते दोन घटक उरलेले नसतात, ज्यांच्यावर शिंपल्यांची आणि प्रवाळांची बांधणी चालते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम ४०० ते ४२० मिलिग्रॅम असतं. शिवाय आम्लता झेलून धरणारे बायकार्बोनेट. टाकीसाठीच्या तयार मिठात हे सगळं मोजून मिसळलेलं असतं. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनी समुद्र ‘बनवण्याची’ ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडमध्ये फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाने १८५०च्या दशकात अशा पाण्याची कृती छापली होती, तीही आतल्या गावांतल्या हौशी लोकांसाठीच.

लिटरला साधारण ३७ ग्रॅम मीठ पडतं. साठ लिटरला सव्वादोन किलो. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं मीठ, आणि रात्रभर एक लहान पंप सोडून ढवळणं, असा क्रम ठेवावा. उलट केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर तळाशी दाट द्रावण होऊन कॅल्शियम पांढरा गाळ बनून बसतं आणि तो गाळ पुन्हा विरघळत नाही. खारेपणा मोजायला काचेचा तरंगता मापक स्वस्त पडतो, पण रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. त्याचं माप मधूनमधून सरकतं, म्हणून घरीच एक कसोटीचं पाणी करून ठेवावं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. या द्रावणात प्रकाश जितका वळतो तितकाच ३५ ग्रॅमच्या समुद्राच्या पाण्यात वळतो. मीठ सराफाच्या काट्यावर तोलून घेतलं तर उत्तम. कसोटीपुरतं खायचं मीठ चालतं, टाकीत नाही.

हे ‘शुद्ध पाणी’ कुठलं, इथे मराठवाड्याची खरी गोष्ट सुरू होते. लातूरचं नळाचं पाणी मांजरा धरणातून येतं, नांदेडचं विष्णुपुरीच्या जलाशयातून, आणि दोन्हीकडे नळ आठवड्यात जितके दिवस येतो त्याहून जास्त दिवस बोअर चालते. काळ्या दगडाच्या भेगांतून येणारं बोअरचं पाणी जड असतं. बादलीच्या कडेला आणि गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो तो त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. टाकीला तो थर फारसा नडत नाही. नडतं त्याच्यासोबत येणारं नायट्रेट, जे शेतातल्या खतांतून आणि शोषखड्ड्यांतून जमिनीत उतरलेलं असतं, आणि सिलिका. या दोघांवर शेवाळ पोसतं. विरघळलेल्या क्षारांचा मापक, म्हणजे टीडीएस मीटर, बोअरला ६०० दाखवत असेल तर दर लिटरमागे ६०० मिलिग्रॅम अनोळखी क्षार टाकीत जातात. आठवड्याला दहा लिटर असं पाणी वर ओतत राहिलं तर वर्षाला तीनशे ग्रॅम होतात. टाकीतून हवेत उडतं ते फक्त पाणी. क्षार सगळे मागे राहतात.

म्हणून आरओ. वीस लिटरचा जार दारात येतोच, त्याने काम भागतं का? कधी भागतं, कधी नाही. जारचं पाणी पिण्यासाठी केलेलं असतं आणि चव यावी म्हणून त्यात बरेचदा थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं. एका प्लांटचा जार ४० दाखवतो, दुसऱ्याचा १८०. मीटर स्वस्त असतो. जार उतरवून घेतानाच बुडवून बघावा. घरी आरओ असेल तर त्याच्या पुढे आयन शोषणाऱ्या रेझिनची एक नळकांडी जोडता येते. तिच्यातून बाहेर पडणारं पाणी मीटरवर शून्य दाखवतं. बोअरच्या पाण्यावर थेट रेझिन लावू नये, ती काही दिवसांतच संपते. आधी आरओ, मग रेझिन. आरओ जितकं चांगलं पाणी देतो त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी बाहेर टाकतो. ते फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला वापरावं. या जिल्ह्यांत ते गटारात सोडणं शोभत नाही.

आता या लेखातला मुख्य हिशेब. दर आठवड्याला टाकीतलं दहावा हिस्सा पाणी बदलायचं असतं, म्हणजे सहा लिटर. त्याशिवाय पाणी उडून जातं. पावसाळ्यात दिवसाला अर्धा लिटर, एप्रिल-मेमध्ये टाकीवर पंखा चालू असेल तर दीड लिटरपर्यंत. भर उन्हाळ्यात आठवड्याला साडेदहा अधिक सहा, म्हणजे साडेसोळा लिटर शुद्ध पाणी. आरओचं टाकाऊ पाणी धरलं तर बोअरमधून पन्नास ते पासष्ट लिटर. एका माणसाच्या अंघोळीच्या तीन बादल्या, आठवड्याला. टाकी चारफुटी केली की हे आकडे तिप्पट-चौपट होतात, म्हणून माझ्या मते या भागात दोन फुटांपुढे जाऊ नये. आणि टँकर येण्याच्या वर्षी नवी टाकी सुरू करू नये. पाण्याच्या रांगेत उभं राहणाऱ्या शेजाऱ्याला तिचं समर्थन सांगता येत नाही.

उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालायचं नाही, हे नवख्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. मीठ उडत नाही. चार दिवस पाणी घातलं नाही आणि सहा लिटर उडालं, तर ३५चा खारेपणा ३९च्या जवळ पोचतो. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची एक रेघ ओढायची आणि रोज संध्याकाळी गोड्या, शुद्ध पाण्याने त्या रेघेपर्यंत टाकी भरायची. खारं पाणी फक्त बदलाच्या दिवशी.

उडणारं हे पाणी निव्वळ तोटा मात्र नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती उष्णता मागे राहिलेल्या पाण्यातून काढून घेतली जाते. साठ लिटर खारं पाणी एका अंशाने थंड करायला साधारण २४० किलोज्यूल पुरतात. म्हणजे उडालेला प्रत्येक लिटर टाकीला दहा अंशांचा थंडावा देऊन जातो. बाहेरची उष्णता सतत आत येत असते म्हणून प्रत्यक्षात टाकी तेवढी उतरत नाही, इतकंच. दिवसाला दीड लिटर उडालं तर चोवीस तास अखंड चाळीस वॅट उष्णता बाहेर फेकली जाते. दिवा आणि पंप मिळून टाकीला साधारण तितकीच उष्णता देत असतात. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे चालू असतं.

आणि इथे मराठवाडा मुंबईच्या पुढे जातो. ओल्या कपड्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली वाफेच्या जोरावर कुठलंही पाणी थंड करता येत नाही. नांदेडच्या मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि हवेतला ओलावा २० टक्के असेल तर हा ओला पारा २४ अंशांच्या आसपास राहतो. मुंबईत त्याच महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के ओलावा असतो, तेव्हा तो २८च्या वर असतो. म्हणून कूलर नांदेडला चालतो आणि दादरला चालत नाही. टाकीचंही तेच. मुंबईच्या हौशी माणसाला पाणी २६-२७ अंशांवर ठेवायला महागडा चिलर घ्यावा लागतो. लातूरला संगणकातले दोन लहान पंखे पाण्यावर तिरपे लावले की काम होतं. तीन-चार अंश सहज उतरतात. फक्त झाकणाची काच काढावी लागते, नाहीतर वाफ तिथेच अडकते. काचेऐवजी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवावी, कारण क्लाउनफिश उड्या मारतो.

कूलर त्याच खोलीत लावला तर? मग दोन गोष्टी एकदम होतात. खोली थंड होते, पण हवा ओली झाल्याने टाकीवरच्या पंख्याचा जोर कमी पडतो. खिडकी अर्धी उघडी असेल तर दोन्ही मिळून निभावतं. बंद खोलीत कूलर हा टाकीसाठी वाईट सौदा आहे. खरा त्रास मेमध्ये नसून मृगाच्या आधीच्या त्या आठ-दहा दिवसांत असतो, जेव्हा ऊन कमी झालेलं नसतं पण हवेत ओलावा चढलेला असतो. तेव्हा गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली टाकीत तरंगत ठेवणं, दिव्याचे तास निम्मे करणं आणि खाणं कमी देणं एवढंच हातात राहतं. डिसेंबर-जानेवारीत उलटं. नांदेडच्या थंडीच्या रात्री खोली १५-१६ अंशांपर्यंत उतरते, तेव्हा पन्नास ते शंभर वॅटचा हीटर लागतो. तो थर्मोस्टॅटचा असावा आणि थर्मोस्टॅटवर पूर्ण भरवसा ठेवू नये. वेगळा तापमापक काचेला चिकटवलेला असावा.

हे सगळं धरून टाकी सुरू करायला योग्य वेळ पोळ्याच्या सुमाराची. धरणात पाणी आलेलं असतं, हवा सौम्य असते. दसऱ्यापर्यंत टाकीतले जिवाणू बसतात, दिवाळीनंतर मासे येतात आणि पहिला उन्हाळा येईपर्यंत टाकी सहा-सात महिन्यांची झालेली असते. मार्चमध्ये उत्साहाने सुरू केलेल्या टाक्या मेमध्ये आटोपतात, ते पुष्कळदा याच कारणाने.

जिवाणू बसणं म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजून त्याचाही अमोनियाच होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३, आणि पीएच जितका वर व पाणी जितकं गरम तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणून गोड्या पाण्यातल्या माशाला जो चालून जातो तो इथे जीव घेतो. दगडांच्या छिद्रांत वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन्ही गट जमायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्यांना तोवर खायला अमोनिया हवा असतो. त्यासाठी मासा बळी द्यायची गरज नाही. कल्हईवाल्याकडचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारातला नवसागर कल्हईपुरता ठीक, टाकीत मळ नेतो. शाळा-कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्यावा. साठ लिटरला ०.४ ग्रॅम टाकला की लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. चाचणीच्या बाटल्यांनी दर दोन-तीन दिवसांनी मोजत जायचं. ज्या दिवशी टाकलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होतो आणि नायट्राइटही शून्य येतं, त्या दिवशी टाकी माशाला तयार झाली. मधल्या काळात काचेवर तपकिरी थर चढतो, मग हिरवं शेवाळ येतं. ते येणारच. औषध टाकू नये. पुसावं आणि थांबावं.

हे जिवाणू राहतात दगडांत, आणि दगडापाशी आलं की कायद्यापाशी यावं लागतं. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात लिहिलं की समुद्रातून काढलेले जिवाणूंनी भरलेले ‘जिवंत दगड’ टाकीत ठेवले की ते पाणी स्वच्छ राखतात. घरगुती प्रवाळ टाकीचं अर्धं शास्त्र तिथून निघालं. परदेशी पुस्तकं आणि व्हिडिओ आजही तेच सांगतात. पण हे दगड म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे सांगाडे, आणि भारतात दगडी प्रवाळ, अग्निप्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी हेही तिथेच. शिक्षा तीन ते सात वर्षांची. मालवणला सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथल्या बाजारात कोणी प्रवाळाचा तुकडा ‘शो’साठी देऊ केला तर तो पिशवीत घालून लातूरला आणणं हा गुन्हा आहे, तो तुकडा मेलेला असला तरी. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या, तेव्हा सरकारी प्रकल्पालाही वनखात्याची रीतसर परवानगी घ्यावी लागली आणि काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे दिलं गेलं. शहरातल्या शोभिवंत माशांच्या दुकानात ‘हार्ड कोरल’ काउंटरखालून मिळतं म्हणून ते कायदेशीर होत नाही.

तेव्हा दगड घ्यायचे ते भट्टीत भाजलेले, सच्छिद्र सिरॅमिकचे. वजनाला हलके, आतून पोकळ छिद्रांचे, जिवाणूंना भरपूर जागा देणारे. आपला काळा दगडही मांडणीला चालतो. वरळीचा तो खडक दख्खनच्या लाव्ह्याचाच, म्हणजे नांदेडच्या टेकड्यांचा सख्खा भाऊ, आणि त्याच्यावर प्रवाळं वाढलीच होती. ब्रशने घासून, आठवडाभर पाणी बदलत भिजवून घ्यावा. मात्र तो भरीव असतो, जिवाणूंना त्यात घर मिळत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त सिरॅमिक हवंच. गोदावरीची वाळू तळाला घालू नये, तिच्यातली सिलिका आणि गाळ दोन्ही त्रास देतात. तळ उघडा ठेवला तर स्वच्छतेला सोपं जातं, दिसायला थोडं उणं.

मग ‘प्रवाळ टाकी’ म्हणायला त्यात काय राहिलं? झोअँथिड आणि मश्रूम ही मऊ, सांगाडा नसलेली मंडळी वरच्या यादीत येत नाहीत, आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराच्या यादीतही नाहीत. घेताना बिल घ्यावं आणि ती टाकीत वाढवलेली आहेत का हे विचारावं. ती काटकही असतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर साखर बनवतं आणि यजमानाला देतं. म्हणून निळसर-पांढरा एलईडी दिवसाला आठ तास, त्याहून जास्त नाही. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंश जास्त तापून आठवडाभर तसंच राहिलं तर हे शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्राणी पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर उन्हाळ्यात जे घडतं तेच दिवाणखान्यात घडतं. एक इशारा: काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, डोळे सांभाळावेत, आणि त्यांचा दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये. वाफेतून ते विष घरभर जातं.

पाण्याची क्षारता, म्हणजे आम्लता झेलून धरणाऱ्या बायकार्बोनेटचं प्रमाण, हळूहळू उतरते. ती वर आणायला स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा पुरतो: साठ लिटरला १.८ ग्रॅम सोडा विरघळवून घातला की क्षारता एक जर्मन अंशाने चढते. बेकिंग पावडर नव्हे, सोडा. शिंपले-गोगलगाई जास्त असतील आणि कॅल्शियम घटत असेल तर चुन्याची निवळी कामाची. युरोपातल्या हौशी लोकांनी ती १९७०च्या दशकापासून चालवली, आपल्याकडे निवळी माहीत नाही असं घर नव्हतं. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड पाण्यात ढवळून, खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी थेंबथेंब सोडायचं, रात्री. पानाच्या टपरीवरचा चुना यासाठी घेऊ नये.

माशांत सुरुवात क्लाउनफिशच्या जोडीने करावी. हे मासे आता समुद्रातून धरायची गरज राहिलेली नाही. तमिळनाडूत परंगीपेट्टईला अण्णामलै विद्यापीठाच्या केंद्रात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत आणि लक्षद्वीपमध्ये अगत्तीला त्यांची पैदास होते. महाराष्ट्रात कांदळवन प्रतिष्ठानाने नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात अशीच उबवणी उभी केली आहे. टाकीत जन्मलेला मासा कोरडं खाणं खातो आणि प्रवासाने खचत नाही. सगळे क्लाउनफिश जन्माने नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो, म्हणून दोन वेगवेगळ्या आकारांची पिल्लं घेतली की जोडी आपोआप जमते. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही. ते घेऊच नये: त्याला जोरदार प्रकाश लागतो, ते टाकीभर फिरतं आणि पंपात सापडून मेलं तर एका रात्रीत सगळी टाकी घेऊन जातं. साठ लिटरला क्लाउनफिशची जोडी, फार तर एक गोबी मासा, आणि काच साफ करणाऱ्या चार-पाच गोगलगाई. बस्स.

मासा हैदराबाद किंवा मुंबईहून ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतो. पिशवीत दहा-बारा तासांत अमोनिया साठलेला असतो, पण माशाच्याच श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पाण्याचा पीएच उतरलेला असल्यामुळे तो निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासभर थेंबथेंब पाणी मिसळत बसण्याचा सर्वत्र सांगितला जाणारा सल्ला लांबच्या प्रवासानंतर घातक ठरतो. बंद पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवावी. विक्रेत्याला त्याचा खारेपणा आधीच विचारून, त्याच खारेपणाच्या पाण्याचा वेगळा टब तयार ठेवावा आणि मासा जाळीने उचलून थेट त्यात सोडावा, पिशवीतलं पाणी मागे ठेवून. त्या टबमध्ये महिनाभर राहू द्यावा. पांढरे ठिपके उठले तर औषध तिथेच करता येतं. मोठ्या टाकीत तांब्याचं औषध टाकलं तर गोगलगाई आणि झोअँथिड मरतात.

वीज जाते तेव्हा थांबतो तो पंप, आणि पंप थांबला की पाण्याचा पृष्ठभाग हलत नाही. २७ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे साडेसहा मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यात आठ. उन्हाळ्यात तो आणखी घटतो. इन्व्हर्टर घरात असतोच; पाच-दहा वॅटचा लहान पंप त्यावर टाकावा, दिवा आणि हीटर टाकू नयेत. दुसरी गोष्ट डासांची. पावसाळ्यात नगरपालिकेची धुराची गाडी गल्लीतून जाते, घरात कॉइल आणि लिक्विड चालू असतं. त्यातली पायरेथ्रॉइड द्रव्यं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण पाण्यातल्या जीवांना अत्यल्प प्रमाणातही मारतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलत असतो. टाकीच्या खोलीत लिक्विड लावू नये. धुराची गाडी आली की हवेचा पंप तेवढ्यापुरता बंद करावा आणि खिडक्या लावून घ्याव्यात. पाण्यावर तेलकट साय दिसत असेल तर ती बहुधा स्वयंपाकघरातल्या फोडणीची असते.

बदललेलं खारं पाणी झाडांना घालायचं नाही, परसातल्या मातीतही ओतायचं नाही. सहा लिटरमध्ये दोनशे ग्रॅमहून जास्त मीठ असतं; कुंडीतली तुळस एका वेळेतच जाईल. ते न्हाणीच्या मोरीत, वर एक बादली साधं पाणी.

आणि मेमध्ये लग्नसराईला गावी जावं लागतं तेव्हा? मासे चार-पाच दिवस उपाशी राहू शकतात, टाकी कोरडी राहू शकत नाही. जितके दिवस बाहेर राहायचं तितक्या दीड लिटरच्या बाटल्या शुद्ध पाण्याने भरून कडप्प्याच्या कट्ट्याखाली मांडून ठेवाव्यात, प्रत्येकीवर वार लिहून. शेजारच्या काकूंना एवढंच सांगावं: संध्याकाळी त्या दिवसाची बाटली रेघेपर्यंत ओता, पंखा बंद करू नका, आणि काही झालं तरी खायला घालू नका. खाण्याचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला तर जास्त बरं, कारण काकूंना माशांची दया येते.